एका सामन्याचा हंगाम

पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर दोन सूचना शेजारी शेजारी लागतात. एक सत्रपरीक्षेचे अर्ज भरण्याची आणि दुसरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ निवडण्याची. पहिलीभोवती गर्दी जमते. दुसरीकडे वळणारे विद्यार्थी मोजकेच असतात. तरीही कसाबसा संघ उभा राहतो. आठ-पंधरा दिवस सराव होतो, गणवेश येतात, ओळखपत्रांवर प्राचार्यांच्या सह्या होतात, शारीरिक शिक्षण संचालक मुलांना घेऊन स्पर्धेच्या ठिकाणी जातात आणि दुपारपर्यंत सारे संपलेले असते. पहिल्या सामन्यात हार झाली की त्या महाविद्यालयाचा त्या खेळातील हंगाम आटोपला. पुढचा सामना पुढच्या वर्षी. ग्रामीण भागातील लहान महाविद्यालयांच्या क्रीडाजीवनाचे हे वर्णन कोणाला अतिशयोक्त वाटेल. परंतु स्पर्धेचे कोष्टक समोर ठेवून हिशेब केल्यास त्यात अतिशयोक्ती फारशी नाही हे ध्यानात येईल.

ज्या देशांत महाविद्यालयीन खेळ गांभीर्याने घेतला जातो तेथे हंगामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक चर्चा हमखास रंगते. कोणत्या संघाला लय गवसली आहे, गेल्या वर्षीचा विजेता यंदा का चाचपडतो आहे, क्रमवारीत कोण वर सरकला, याचा खल मैदानापासून उपाहारगृहापर्यंत चालतो. आपल्या तालुक्याच्या गावी ही चर्चा ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांना खेळाचे वेड नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते चुकीचे आहे. एखाद्या संघाचा फॉर्म ओळखायचा तर त्याचे चार सामने पाहावे लागतात. क्रमवारी लावायची तर तुलना करावी लागते आणि तुलनेसाठी पुन्हा सामनेच लागतात. सामनेच नसतील तर चर्चा तरी कशाची करावी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. मुख्यत्वे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या विद्यापीठाच्या स्पर्धा पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक अशा चार विभागांत होतात. विभागातून आंतरविभागीय स्पर्धा, तेथून विद्यापीठाचा निवडक संघ, पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असा हा जिना आहे. फुटबॉलमध्ये या जिन्याच्या माथ्यावर सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा चषक ठेवलेला आहे. रचना मुळातच सदोष आहे असे म्हणता येणार नाही. गुणी खेळाडू शोधून वर नेण्याचे काम ती करते. मात्र वर जाणारे दहा-वीस आणि खाली राहणारे शेकडो, असा हा व्यवहार आहे, आणि खाली राहणाऱ्यांना खेळायला किती मिळते हा प्रश्न या रचनेत कोठेच विचारला जात नाही.

बेरीज-वजाबाकी

विभागीय स्पर्धा सर्वसाधारणपणे बाद पद्धतीने खेळविल्या जातात. सोळा संघ असतील तर एकूण पंधरा सामने होतात. त्यांपैकी आठ संघ, म्हणजे बरोबर निम्मे, प्रत्येकी एकच सामना खेळून घरी जातात. चार संघांच्या वाट्याला दोन सामने येतात, दोघांच्या वाट्याला तीन, आणि केवळ अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघांना चार सामने मिळतात. जो संघ आधीच बलवान आहे त्याला अधिक सराव मिळतो; ज्याला सरावाची खरी निकड आहे तो पहिल्याच दिवशी बाहेर पडतो. शाळेत पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलाला वर्षभर वर्गात बसू न देण्यासारखाच हा प्रकार झाला. अध्यापनशास्त्रात जो न्याय कोणीही मान्य करणार नाही, तो क्रीडांगणावर आपण निमूटपणे चालवून घेतो.

त्याच सोळा संघांचे चार-चारांचे चार गट केले, प्रत्येक गटात साखळी सामने घेतले आणि गटविजेत्यांमध्ये उपान्त्य व अंतिम सामना खेळवला, तर एकूण सत्तावीस सामने होतात. बारा सामने वाढले; परंतु प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळाले. या बारा सामन्यांचा खर्च आणि त्यांतून होणारा लाभ यांची तुलना एकदा तरी शांतपणे व्हावयास हवी.

बाद पद्धतीचा दुसरा दोष असा की, तीत गुणवत्तेपेक्षा योगायोगाला अधिक वाव मिळतो. फुटबॉलमध्ये तर विशेषच, कारण या खेळात गोल फार थोडे होतात. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात चौसष्ट सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे सामन्यामागे सरासरी पावणेतीनदेखील नाहीत. जेथे धावा शेकड्यांनी होतात तेथे एखादी चूक पचून जाते. जेथे एकदोन गोलांवर निकाल ठरतो तेथे चिखलात घसरलेला एक पाय वा पंचाचा एक निर्णय सारे चित्र पालटून टाकतो. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना आपल्या पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून २-१ असा हरला आणि १८ डिसेंबर रोजी विश्वविजेता झाला. २०१० साली स्पेननेही पहिला सामना स्वित्झर्लंडविरुद्ध एका गोलाने गमावला होता. तरी विश्वचषक त्यानेच उचलला. या दोन्ही संघांना त्यांच्या गटात आणखी दोन सामने मिळाले म्हणून ते सावरले. आमच्या विभागीय स्पर्धेच्या नियमाने तपासले तर दोन्ही विश्वविजेते पहिल्या संध्याकाळीच गाठोडे बांधून परतले असते.

उलट बाजूचेही उदाहरण आहे आणि ते आपल्याच घरचे आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने फुटबॉलमध्ये चौथा क्रमांक पटकावला. मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. या यशाचा अभिमान रास्तच आहे. तथापि हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती, आणि ऑस्ट्रेलियावरील विजयानंतर युगोस्लाव्हिया व बल्गेरिया या दोघांकडून भारत हरला. प्रत्यक्ष मैदानावरील एका विजयाच्या बळावर तो चौथा क्रमांक मिळाला होता. या आकड्याने पुढील काळात देशाला स्वतःच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ भ्रमात ठेवले. थोड्या सामन्यांवरून लावलेली क्रमवारी दुबळ्यावर अन्याय करते, तशीच सबळालाही फसवते, हा यातील बोध.

मानांकन कोणाचे?

बाद पद्धतीतही एक प्रकारची क्रमवारी असतेच. गतवर्षी उपान्त्य फेरीत पोहोचलेल्या संघांना मानांकन देऊन कोष्टकाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. हेतू असा की, दोन बलाढ्य संघ आरंभीच एकमेकांवर आदळू नयेत. परंतु महाविद्यालयाचा संघ म्हणजे काही पेठेतील तालीम नव्हे, की जिच्यात तीच माणसे दहा वर्षे खेळत राहतील. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, नव्या शैक्षणिक धोरणानुसार फार तर चार वर्षांचा. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची मर्यादाही पंचवीस वर्षांची. दरवर्षी संघातील तीन-चार मुले पदवी घेऊन बाहेर पडतात आणि तेवढीच नवी येतात. तेव्हा गतवर्षीचे मानांकन हे गतवर्षीच्या मुलांचे असते. त्याचा लाभ यंदाच्या मुलांना होतो आणि त्याची झळ मानांकन नसलेल्या लहान महाविद्यालयाला बसते. त्याची गाठ पहिल्याच फेरीत एखाद्या नावाजलेल्या संघाशी पडते, पाच-सहा गोल स्वीकारावे लागतात, आणि आपल्याला हा खेळ येत नाही असा समज पक्का करून मुले माघारी येतात.

विद्यापीठांच्या पातळीवरही क्रमवारीची दृष्टी अशीच वरच्या टोकाकडे लागलेली आहे. क्रीडाक्षेत्रात सर्वोत्तम ठरलेल्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा फिरता चषक १९५६-५७ पासून दिला जातो. त्याचे गुण स्पर्धांमधील स्थानांवरून ठरतात. २०२० साली भुवनेश्वर येथे सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे प्रवेशदारही आंतरविद्यापीठ स्पर्धेतील कामगिरीच आहे. पदके महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. तथापि किती विद्यार्थी किती सामने खेळले याची नोंद यांपैकी कोणत्याही क्रमवारीत होत नाही. ज्याची नोंद होत नाही त्याकडे कार्यालयेही लक्ष देत नाहीत, हे कारकुनी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही सांगावयास नको.

देशाच्या क्रमवारीवर मात्र आपण हिरीरीने बोलतो. फिफाच्या यादीत भारत १९९६ च्या फेब्रुवारीत ९४ व्या स्थानावर होता, २०१५ च्या मार्चमध्ये १७३ व्या स्थानापर्यंत घसरला, २०२३ च्या जुलैमध्ये पुन्हा शंभराच्या आत आला, तेव्हा त्याचे मथळे झाले. परंतु या क्रमवारीचे मूळ जेथे रुजायचे त्या तालुक्याच्या मैदानावर गेल्या वर्षी किती सामने झाले, हे कोणी विचारले नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर रोजी महाराष्ट्रात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प सोडण्यात आला. उपक्रम उत्साहवर्धक होता. पण तो एका दिवसाचा होता. पुण्यात तर २००७ ते २०१९ या काळात व्यावसायिक फुटबॉल संघ आले आणि एकामागून एक बंद पडले किंवा शहर सोडून गेले. उत्सवाने आणि पैशाने जे साधले नाही ते नियमित सामन्यांनी साधते काय, हे पाहण्याची वेळ आता आली आहे.

घाट आणि मैदान

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला फॉर्म आणि क्रमवारी या गोष्टी समजत नाहीत असे कोणी म्हणू लागला तर त्याने यात्रेच्या दिवसांत एखाद्या घाटावर जाऊन उभे राहावे. कोणाचा गाडा किती सेकंदांत वर गेला, गेल्या यात्रेत किती सेकंद लागले होते, कोणता बैल यंदा उतरणीला लागला आणि कोणता नवा खोंड उद्या घाटाचा राजा होईल, याचा बिनचूक तपशील तेथे शाळकरी पोरेही देतील. २०१४ च्या बंदीनंतर २०२१ च्या डिसेंबरमध्ये या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला, तेव्हापासून घाट पुन्हा गजबजले आहेत. शर्यतींच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, बैलाला हंगाम आहे. एका यात्रेत गाडा मागे पडला तर पुढच्या गावची यात्रा आठवड्यावर असते. पैलवानालाही एका मैदानात पाठ लागली तर दुसऱ्या मैदानात जोड मिळते. याच तालुक्यांतील महाविद्यालयीन तरुणाला मात्र वर्षाकाठी एकच संधी मिळावी, यासारखी विसंगती दुसरी नसेल.

आंबेगावच्या पूर्व भागात बेल्हे-जेजुरी रस्त्यावर लोणी हे गाव आहे. पावसावर भिस्त असलेला हा परिसर. अशा गावातील मुलगा पदवीसाठी मंचरची किंवा पाबळची वाट धरतो. सकाळी घरचे काम, मग एसटी, मग तास, आणि परतीच्या गाडीची वेळ सांभाळून पुन्हा घर. संध्याकाळी मैदानावर थांबायचे तर गाडी चुकते. हा मुलगा अंगाने काटक असतो, दमसासात शहरी मुलाला मागे टाकतो. त्याच्याकडे कमी असते ती सामन्याची सवय. चेंडू पायात असताना डोके वर काढून पाहणे, जागा ओळखणे, एक गोल झाल्यावर न डगमगणे या गोष्टी घरच्या कामाने अंगात येत नाहीत आणि पंधरा दिवसांच्या सरावानेही येत नाहीत. त्या सामन्यांतूनच येतात. वर्षाला एक याप्रमाणे तीन वर्षांत तीन सामने खेळून हा मुलगा पदवीधर होतो आणि ग्रामीण मुलांत कौशल्य नसते असा शेरा त्याच्या वाट्याला येतो.

शेजाऱ्यांची साखळी

यावर उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात वर्षानुवर्षे जे चालले आहे ते पाहावे. तेथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे गावातील लहानथोरांच्या तोंडी असतात. दिवाळीच्या सुमारास खेळाडूंची नोंदणी होते, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळीने शाहू स्टेडियमवर हंगाम उघडतो आणि नंतर निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. पहिल्या चार-सहा सामन्यांनंतर कोणाची मधली फळी ढिली पडली यावर चहाच्या गाड्यावर वाद झडतात. समर्थकांच्या हुल्लडबाजीने या परंपरेला अधूनमधून गालबोट लागले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मोठ्या भांडवलाशिवाय, केवळ शेजाऱ्यांच्या चुरशीवर आणि साखळीच्या शिस्तीवर एक खेळ पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतो, हे कोल्हापूरने सिद्ध केले आहे. २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच मातीतला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला पुढे घडविले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील लहान महाविद्यालयांचे. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७३ साली आपल्या सदस्यांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागात खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. विद्यार्थी शिकण्यासाठी येतो आणि शिकता शिकता खेळतो. पुरुषांचा फुटबॉल संघ असलेली अशी चारशेच्या आसपास महाविद्यालये आहेत. शेजारच्या आठ-दहा महाविद्यालयांचा एक गट असतो, गटात साखळी सामने होतात आणि गटविजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. सप्टेंबरच्या आरंभी हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास गटाची साखळी संपते. दर आठवड्याला प्रशिक्षकांच्या मतांवरून प्रत्येक प्रदेशाची क्रमवारी जाहीर होते. त्या देशाची सुबत्ता आपल्याकडे नाही, हे खरे. परंतु शेजाऱ्याशी खेळण्यासाठी सुबत्ता लागत नाही, वेळापत्रक लागते.

पुणे-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूला नजर टाकली तर असा गट जणू तयारच आहे. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय आणि राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय ही सहा नावे केवळ उदाहरणादाखल घ्यावीत. सहा संघांच्या एकेरी साखळीत पंधरा सामने होतात. दर शनिवारी तीन सामने ठेवले तर पाच शनिवारांत साखळी पुरी होते. प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात, त्यांपैकी दोन किंवा तीन आपल्याच मैदानावर. शेजारच्या गावी सकाळी जाऊन संध्याकाळपूर्वी परत येता येते. मुक्कामाचा प्रश्न उद्भवत नाही. फुटबॉलऐवजी कबड्डी वा खो-खो अधिक रुजलेला असेल तर तेथून आरंभ करावा. हिशेब बदलत नाही. मुलींच्या संघांनाही हीच योजना लागू पडेल, किंबहुना मुक्काम टळत असल्याने त्यांना ती अधिक सोयीची ठरेल.

क्रमवारी कशी वाचावी

साखळी आली की क्रमवारी आलीच. ती कशी लावावी हेही नव्याने शोधावयास नको. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी एक रीत बसविली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० साली स्वीकारली आणि फिफानेही २०१८ पासून त्याच धर्तीवर आपली क्रमवारी बेतली. तत्त्व साधे आहे. बलवानाला हरविले तर अधिक गुण, दुबळ्याला हरविले तर थोडे. समजा, सर्व संघांना आरंभी हजार गुण दिले आणि बरोबरीच्या संघावरील विजयाला वीस गुण ठेवले. मग दोनशे गुणांनी वरचढ असलेल्या संघाला हरविल्यास सुमारे तीस गुण मिळतील आणि दोनशे गुणांनी खाली असलेल्याला हरविल्यास केवळ दहाच्या आसपास. हरणारा तितकेच गुण गमावतो. याचा एक लाभ असा की, बलाढ्य संघाकडून हरल्याने लहान महाविद्यालयाचे फारसे बिघडत नाही. गणिताच्या वर्गाला हा स्वाध्याय म्हणून देता येईल आणि संगणकावरील साध्या तक्त्यात ही नोंद ठेवता येईल.

मात्र हंगामाच्या आरंभीची क्रमवारी ही साशंक मनानेच वाचली पाहिजे. दोन सामन्यांवरून बांधलेला अंदाज पाचव्या सामन्याला उलटतो. म्हणून तिसरी फेरी होईपर्यंत क्रमवारी जाहीर करू नये, आणि जाहीर करताना प्रत्येक नावापुढे खेळलेल्या सामन्यांची संख्याही द्यावी. तिला बक्षिसाची वा अनुदानाची जोड तर मुळीच देऊ नये. एकदा ती जोड दिली की नावापुरता प्रवेश घेतलेले बाहेरचे खेळाडू संघात दिसू लागतात आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो लोणीचा विद्यार्थी पुन्हा राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसतो. आपण कोठे आहोत आणि पुढच्या शनिवारी काय सुधारायचे आहे, एवढे कळले की क्रमवारीचे काम झाले.

आक्षेप आणि उत्तरे

या सूचनेवर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. प्रवास, पंचांचे मानधन, चेंडू, जाळ्या यांना पैसे लागतात हे निर्विवाद आहे. परंतु क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतले जाते, केवळ संघात निवडल्या गेलेल्या पंधरा जणांकडून नव्हे. त्या शुल्कातून एका दिवसाच्या स्पर्धेचा प्रवासभत्ता दिला की कर्तव्य संपले असे मानणे कितपत योग्य आहे? दुसरा आक्षेप परीक्षांचा. सत्रपद्धतीमुळे वेळ उरत नाही ही अध्यापकांची तक्रार खोटी नाही. तथापि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रम-आराखड्यात क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. कागदावर श्रेयांक द्यायचे आणि मैदानावर सामने द्यायचे नाहीत, हे फार काळ चालू शकणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकांची जागाच रिक्त असते. तेथे एखाद्या विषयाच्या प्राध्यापकावर हे काम सोपविले जाते आणि तो आपले तास सांभाळून ते निभावतो. त्याच्यावर आणखी पाच शनिवारांचा बोजा टाकणे अन्यायाचे होईल. या जागा भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याला साखळी हा पर्याय नव्हे. परंतु सहा महाविद्यालयांनी काम वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार सध्याच्या धावपळीपेक्षा फार मोठा नसेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली आहे. अशा स्थानिक साखळ्यांना मान्यता देणे आणि त्यांतील कामगिरी पाहून विभागीय स्पर्धेचे मानांकन ठरविणे, एवढे पाऊल त्या मंडळाने उचलले तरी पुष्कळ साधेल. मग मानांकन गतवर्षीच्या मुलांचे न राहता यंदाच्या मुलांचे होईल.

या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि ते मुख्यतः ठराविक स्पर्धांतील पहिल्या तीन क्रमांकांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. नोकरीच्या शोधात असलेल्या ग्रामीण तरुणाला या कागदाचे मोल किती वाटत असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. गेल्या काही वर्षांत बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली, त्यांचा दोष अर्थातच ती बनविणाऱ्यांचा आणि वापरणाऱ्यांचा. परंतु कोणी न पाहिलेल्या स्पर्धेचा कागद खपवणे सोपे असते, हेही त्यातून दिसले. जेथे दर शनिवारी गावासमोर सामने होतात, निकाल फलकावर लागतात आणि कोण किती खेळला हे शेजारच्या पाच महाविद्यालयांना ठाऊक असते, तेथे न खेळलेल्याला खेळाडू म्हणून मिरवणे कठीण जाते.

महाविद्यालयीन खेळाचा हेतू काही मोजके खेळाडू वर पाठविणे एवढाच असेल तर आजची पद्धत चालू द्यावी. अठरा ते एकवीस वर्षांच्या तरुणाला हरून पुन्हा उभे राहण्याचे, प्रतिस्पर्ध्याला ओळखण्याचे आणि स्वतःच्या प्रगतीचे माप घेण्याचे शिक्षण द्यावयाचे असेल, तर त्याला दुसरा सामना दिला पाहिजे. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जून महिन्यात, प्रवेशांची धांदल सुरू होण्यापूर्वी, एखाद्या दुपारी सहा प्राचार्यांनी दिनदर्शिका घेऊन एकत्र बसावे आणि पाच शनिवारांवर खुणा कराव्यात. आरंभाला एवढे पुरे आहे.